मांत्रिकांचे शह-काटशह : ‘जुजुत्सु काइसेन’मधील युद्धनीती

जपानी चित्रकथा म्हणजे मोठ्या डोळ्यांची पात्रे, आरडाओरडा आणि पानोपानी हाणामारी, असा समज आपल्याकडे अजूनही आढळतो. गेगे अकुतामी यांची ‘जुजुत्सु काइसेन’ ही मांगा मालिका या समजाला छेद देते. हाणामारी येथेही भरपूर आहे. परंतु बहुतेक लढतींचा निकाल मनगटाच्या जोरावर लागत नाही. प्रतिस्पर्ध्याविषयी कोणाला किती ठाऊक आहे, कोणी काय लपवले आहे आणि विजयासाठी कोण किती किंमत मोजायला तयार आहे, यावर तो ठरतो. या मालिकेतील मंत्रविद्येचे नियम, गाजलेल्या लढती आणि त्यामागील डावपेच यांचा हा परिचय. कथेतील महत्त्वाची रहस्ये पुढे उघड केलेली आहेत, याची नवीन वाचकांनी नोंद घ्यावी.

मालिकेची ओळख

‘जुजुत्सु’ हा शब्द ऐकताच आपल्याला त्याच नावाने परिचित असलेली कुस्तीसारखी युद्धकला आठवते. येथील ‘जुजुत्सु’ वेगळ्या चित्रलिपीत लिहिला जातो आणि त्याचा अर्थ मंत्रतंत्र किंवा जारणमारण असा आहे. ‘शुएइशा’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात ५ मार्च २०१८ ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात ही कथा क्रमश: प्रसिद्ध झाली. एकूण २७१ प्रकरणे आणि ३० खंड असा तिचा विस्तार आहे. त्याआधी २०१७ मध्ये अकुतामी यांनी चार प्रकरणांची एक छोटी कथा लिहिली होती. तीच पुढे ‘शून्य’ क्रमांकाचा खंड म्हणून मालिकेला जोडली गेली. ‘माप्पा’ या संस्थेने केलेले सचेतपट रूपांतर ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले. शून्य खंडावरील चित्रपट डिसेंबर २०२१ मध्ये जपानमध्ये झळकला. दुसरे पर्व २०२३ मध्ये आणि तिसरे जानेवारी २०२६ मध्ये प्रेक्षकांसमोर आले.

कथेचा नायक इतादोरी युजी हा शाळकरी मुलगा. मित्रांना वाचवण्यासाठी तो एक वाळलेले बोट गिळतो. हे बोट हजार वर्षांपूर्वीच्या र्‍योमेन सुकुना या ‘शापांच्या राजा’चे असते. अशी एकूण वीस बोटे जगात विखुरलेली आहेत. सुकुना इतादोरीच्या शरीरात जागा होतो आणि मंत्रविद्येची वरिष्ठ मंडळी मुलाला मृत्युदंड ठोठावतात. त्याचा गुरू गोजो सातोरू, जो त्या काळातील सर्वांत बलाढ्य मांत्रिक आहे, मध्यममार्ग सुचवतो : सर्व बोटे गोळा करून या मुलाला खाऊ घालावीत आणि मगच त्याला मारावे, म्हणजे सुकुनाही कायमचा संपेल. थोडक्यात, कथा सुरू होते तीच मुदत लांबवून घेतलेल्या शिक्षेपासून.

शक्तीचा हिशेब

राग, भीती, मत्सर, पश्चात्ताप अशा नकारात्मक भावनांतून माणसाच्या देहात शापशक्ती निर्माण होते, ही या जगाची मूळ कल्पना. सामान्य माणसाकडून ती नकळत गळत राहते आणि साचून तिची पिशाच्चे बनतात. शाळा, इस्पितळे अशा ठिकाणी ती अधिक असतात, कारण तेथे माणसांच्या भीतीचा साठा मोठा असतो. मांत्रिक ही शक्ती गळू देत नाहीत. ते ती विद्येला पुरवतात. ही विद्या बहुधा जन्मजात असते. ती नसेल तर कितीही मेहनत करून मिळत नाही, आणि म्हणूनच कोणाला काय मिळाले यापेक्षा मिळालेल्याचे त्याने काय केले, हा प्रश्न कथेत महत्त्वाचा ठरतो.

या मूळ भांडवलावर काही प्रगत प्रकार उभे आहेत. ऋणाला ऋणाने गुणले की धन मिळते, या शाळेतल्या गणिताच्या न्यायाने नकारात्मक शक्तीपासून सकारात्मक शक्ती काढणे, ही ‘उलट विद्या’. तिने जखमा भरून येतात. दुसरा प्रकार ‘र्‍योइकी तेनकाइ’, म्हणजे क्षेत्रविस्तार. मांत्रिक स्वत:च्या मनातील विश्व एका अदृश्य भिंतीच्या आत प्रत्यक्षात उभे करतो आणि तेथे त्याचा वार चुकत नाही. मात्र त्यानंतर काही काळ त्याची विद्या निकामी होते. म्हणजे हुकमी पान हातात असले तरी ते केव्हा टाकायचे, हा निर्णय जीवनमरणाचा असतो. प्रतिस्पर्ध्याकडेही स्वत:भोवती ‘लघुक्षेत्र’ आखून घेण्यासारखे बचाव असतातच.

सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र ‘शिबारी’ हा होय. या शब्दाचा अर्थ बंधन. मांत्रिक स्वत:वर एखादी अट लादून घेतो आणि त्या बदल्यात त्याचे बळ वाढते. अट जितकी जाचक, तितका मोबदला मोठा. दोन व्यक्तींमधील बंधन मोडले तर मोडणाऱ्याला जबर शिक्षा होते. मालिकेतील निम्म्याहून अधिक डावपेच या एका नियमाभोवती फिरतात, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

गुपित सांगण्याचे मोल

युद्धात आपले शस्त्र शत्रूला समजावून सांगणे हा शुद्ध मूर्खपणा. पण साहसकथांत पात्रे नेमके हेच करतात आणि वाचक ते निमूटपणे सोसतात. अकुतामी यांनी या जुन्या खोडीलाच नियमाचे रूप दिले. आपली विद्या शत्रूला सांगणे हेही एक बंधन आहे. गुपित फोडण्याचा धोका पत्करला म्हणून विद्येचा प्रभाव वाढतो.

नानामी केंतो या मांत्रिकाची माहितो या पिशाच्चाशी झालेली पहिली लढत हे याचे उत्तम उदाहरण. नानामी हा नोकरी सोडून मंत्रविद्येकडे परतलेला, मोजके बोलणारा गृहस्थ. समोरच्या वस्तूचे दहा समान भाग कल्पून सात आणि तीन यांच्या सीमेवर वार केला की तेथे हमखास घाव बसतो, ही त्याची विद्या. ती तो माहितोला शांतपणे समजावून सांगतो. शिवाय त्याने स्वत:वर कामाच्या तासांचे बंधन घातलेले आहे : दिवसभर तो बळ आवरून वापरतो आणि संध्याकाळी सहा वाजून गेले की ‘जादा वेळेचे काम’ म्हणून त्याचे बळ एकदम वाढते. कचेरीत खर्डेघाशी केलेल्या माणसालाच सुचावे असे हे शस्त्र आहे.

बंधन दुसऱ्यावर लादले की त्याचे स्वरूप क्रूर होते. मेइ मेइ ही पैशासाठी काम करणारी स्त्री कावळ्यांना वश करते. कावळ्याच्या अंगी शापशक्ती ती कितीशी असणार? पण त्याला स्वत:च्या प्राणाचे मोल द्यायला लावले की तोच पक्षी भयंकर अस्त्र बनतो. याउलट मिवा कासुमी ही सामान्य कुवतीची विद्यार्थिनी एका निर्णायक क्षणी प्रतिज्ञा करते की, या एका वारानंतर आयुष्यात पुन्हा कधी तलवार चालवणार नाही. सर्वस्व पणाला लावलेला तो वार शत्रू नुसत्या हाताने थोपवतो. त्याग केला म्हणजे फळ मिळतेच, असे आश्वासन ही कथा देत नाही. म्हणूनच येथे लावलेली प्रत्येक बोली वाचकाला खरी वाटते.

टाळीचा चकवा

डावपेचांचा निखळ आनंद कोठे मिळत असेल, तर तो तोदो आओई याच्या लढतींत. याची विद्या सांगायला अगदी साधी आहे. त्याने टाळी वाजवली की परिसरातील शापशक्ती असलेल्या दोन गोष्टींच्या जागांची अदलाबदल होते. यात वार नाही, स्फोट नाही. परंतु शत्रूचा ठोसा हवेत असतानाच समोरचा माणूस बदलला तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, टाळी वाजली आणि काहीच बदलले नाही तर? टाळी म्हणजे अदलाबदल, असा हिशेब शत्रूने मनाशी बांधला की नुसती टाळीसुद्धा हत्यार होते.

या कल्पनेचा कळस शिबुयातील लढतीत होतो. माहितोचा स्पर्श ज्याला होईल, त्याचा आत्मा तो हवा तसा पिळू शकतो. त्याचा हात लागताच तोदो आपला डावा पंजा क्षणाचाही विलंब न लावता तोडून टाकतो. पंजा गेला म्हणजे टाळी गेली. मात्र पुढे ऐन मोक्याच्या क्षणी तो माहितोच्याच हातावर हात आपटून टाळीचा आवाज काढतो. आता अदलाबदल होणार, या अपेक्षेने माहितोचे लक्ष क्षणभर विचलित होते. प्रत्यक्षात काहीही घडत नाही, कारण तोदोची विद्या संपलेली आहे. तेवढ्या अवधीत इतादोरीचा ठोसा बसतो. जी विद्या अस्तित्वातच नाही, तिच्या धाकावर मिळवलेला हा फायदा मालिकेतील चतुराईचा उत्कृष्ट नमुना मानावा लागेल.

तोजीची प्रतीक्षा

गोजो सातोरूला हरवायचे कसे, हा प्रश्न कथेतील सर्व खलपात्रांना छळतो. त्याच्या अंगापर्यंत काहीही पोहोचत नाही. येणारी वस्तू त्याच्या आणि तिच्या मधल्या ‘अनंता’त मंदावत जाऊन थांबते. त्याच्या ‘सहा डोळ्यां’मुळे ही विद्या वापरताना शक्तीचा अपव्ययही होत नाही.

या प्रश्नाचे पहिले उत्तर २००६ मध्ये घडणाऱ्या उपकथेत फुशिगुरो तोजी देतो. तोजीकडे शापशक्तीचा अंशही नाही. पण या उणिवेची भरपाई म्हणून त्याला अमानवी शरीरबळ लाभले आहे, आणि शक्तीच नसल्याने शक्ती ओळखणाऱ्या यंत्रणांना तो दिसतही नाही. तरुण गोजो ज्या मुलीचे रक्षण करत आहे, तिच्या डोक्यावर तोजी मुदतीचे इनाम जाहीर करवतो. ते मिळवण्यासाठी किरकोळ मारेकरी येत राहतात. त्यांच्याकडून काम फत्ते होईल अशी तोजीची अपेक्षाच नसते. गोजोने अहोरात्र जागे राहावे, विद्या सतत चालू ठेवावी आणि थकून जावे, एवढाच हेतू. मुदत टळते, सगळे सुरक्षित आवारात पोहोचतात, गोजो विद्या आवरून निःश्वास सोडतो आणि त्याच क्षणी पाठीत पाते घुसते.

त्यानंतरही तोजी घाई करत नाही. क्षुद्र पिशाच्चांचा थवा सोडून तो गोजोची दृष्टी व्यापतो आणि त्या गर्दीआडून विद्याच निष्प्रभ करणारे शस्त्र चालवतो. एवढी अचूक आखणी करणारा हा माणूस पुढे मरतो तो मात्र आखणी सोडल्यामुळे. मृत्यूच्या दारात उलट विद्या साधलेला गोजो पुन्हा समोर उभा राहतो. एरवी फुकटच्या कामातून अंग काढून घेणारा तोजी या वेळी अहंकाराच्या आहारी जाऊन लढायला थांबतो. आपल्या नेहमीच्या रीतीला आपण बगल दिली, हे त्याला उमगते तेव्हा उशीर झालेला असतो.

शिबुयातील एक मिनिट

दुसरे उत्तर केंजाकूचे. हा हजार वर्षे जगलेला मांत्रिक आपला मेंदू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात हलवतो. कपाळावरील टाके ही त्याची खूण. गोजोला मारता येत नसेल तर बंदिस्त करावे, असे तो ठरवतो. त्यासाठी त्याच्याकडे ‘गोकुमोन्क्यो’ नावाची पेटी आहे. अट एवढीच की, बळीने पेटीपासून सुमारे चार मीटरच्या आत एक मिनिट थांबले पाहिजे. गोजोसारख्या माणसाला एक मिनिट उभे ठेवणे म्हणजे अशक्यप्राय गोष्ट.

३१ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री, म्हणजे हॅलोवीनच्या गर्दीत, टोकियोतील शिबुया स्थानकाभोवती एक अदृश्य पडदा पडतो. सामान्य माणसे आत अडकतात आणि गोजोला बोलवा, अशी मागणी होते. भूमिगत फलाटावर माणसे खच्चून भरलेली असल्यामुळे गोजोला मोठी अस्त्रे वापरता येत नाहीत. पिशाच्चे गर्दीच्या आडोशाने लढतात. शेवटी गोजो एक धाडसी हिशेब करतो : सामान्य माणसाला कायमची इजा होणार नाही इतकाच वेळ, म्हणजे ०.२ सेकंद, तो क्षेत्रविस्तार करतो. सगळे स्तब्ध होतात. पुढच्या २९९ सेकंदांत तो माहितोने विद्रूप करून सोडलेल्या सुमारे एक हजार मनुष्यरूपी राक्षसांचा निकाल लावतो. येथपर्यंत जिंकला आहे तो गोजोच.

नेमक्या त्याच वेळी पेटी उघडते आणि मागून ओळखीची हाक येते. समोर उभा असतो गेतो सुगुरू, म्हणजे गोजोचा एकुलता एक जिवलग मित्र, ज्याला त्याने स्वत:च्या हातांनी मारलेले आहे. अर्थात हे केवळ गेतोचे शरीर, आत केंजाकू. गोजोचे डोळे सांगतात की हा गेतोच आहे, मन सांगते की हा तो नव्हे. या गोंधळात तीन वर्षांच्या मैत्रीच्या आठवणी त्याच्या मनातून सरकतात. पेटीला लागणारे एक मिनिट घड्याळातले नसते, बळीच्या मनातले असते. ते केव्हाच पुरे झालेले असते.

हा डाव इतका परिणामकारक का, याचा विचार केला पाहिजे. केंजाकूने गोजोच्या विद्येतील दोष शोधला नाही, कारण तेथे दोष नव्हता. त्याने माणसातील हळवी जागा शोधली. गोजोची परोपकाराची जाणीव त्याला गर्दीत अडकवते आणि मैत्री त्याला जागेवर खिळवते. सद्गुणांचेच येथे फासे झाले आहेत. त्या रात्रीची किंमत शहर चुकवते : नानामी मरतो, हजारो नागरिक बळी पडतात, आणि सुकुनाने इतादोरीच्या देहातून केलेला संहार त्या मुलाला शुद्धीवर आल्यावर पाहावा लागतो.

याच प्रकरणात एक लहानसा, पण लक्षात राहणारा डाव आहे. मुता कोकिची हा अपंग देहाचा विद्यार्थी निरोगी शरीराच्या आशेने शत्रूला माहिती पुरवतो. करार पुरा होताच तो माहितोवर उलटतो आणि जन्मापासून साठवलेली शक्ती त्याच्यावर ओततो. तरीही तो मारला जातो. पण गोजो कैद झाल्यास आपल्या साथीदारांना खबर मिळावी, अशी तजवीज त्याने मरण्यापूर्वीच करून ठेवलेली असते. मेलेल्या माणसाचा आवाज इतादोरीच्या कानाशी बोलू लागतो आणि मांत्रिकांना परिस्थिती कळते.

करारातील पळवाट

सुकुनाचे वेगळेपण असे की, तो बलाढ्य असूनही वकिली बुद्धीचा आहे. कथेच्या आरंभी इतादोरीचा मृत्यू होतो तेव्हा त्याला परत जिवंत करण्याच्या बदल्यात सुकुना करार मागतो : मी एक ठरावीक शब्द उच्चारला की एक मिनिटासाठी तुझा देह माझ्या ताब्यात यावा आणि हा करार तुझ्या स्मरणात राहू नये. करारात अशीही अट ठरते की, त्या एका मिनिटात कोणाला मारायचे नाही किंवा इजा करायची नाही.

वाचक हा प्रसंग जवळजवळ विसरून जातात. दोनशेहून अधिक प्रकरणांनंतर सुकुना तो शब्द उच्चारतो, इतादोरीचे बोट उपटतो आणि त्यातून आपला आत्मा मेगुमी या त्याच्या मित्राच्या देहात घालतो. अट मोडली असे म्हणता येत नाही, कारण ‘कोणाला’ या शब्दात इतादोरीने स्वत:ला धरलेच नव्हते. हिरण्यकशिपूच्या वरदानातील फट शोधणाऱ्या कथेवर वाढलेल्या मराठी वाचकाला ही शब्दांची पकड परकी वाटणार नाही. फरक इतकाच की, तेथे पळवाट दुष्टाच्या नाशासाठी होती, येथे दुष्टच तिचा लाभ घेतो. शिवाय ही फट मुलाच्या स्वभावातून पडलेली आहे. स्वत:चा विचार न करण्याची इतादोरीची सवय सुकुनाने बरोबर हेरली होती.

न्यायालय, जुगार आणि नियमांचा खेळ

शिबुयानंतर केंजाकू जपानभर ‘शिमेत्सु काइयू’ हा संहाराचा खेळ सुरू करतो. ठरावीक क्षेत्रांत मांत्रिकांनी एकमेकांना मारायचे. मांत्रिक मारल्यास पाच गुण, सामान्य माणूस मारल्यास एक. एकोणीस दिवस गुणांत बदल झाला नाही तर विद्या हिरावली जाते, म्हणजे प्रत्यक्षात मृत्यूच. मात्र शंभर गुणांवर खेळात एक नवा नियम घालता येतो. त्यामुळे नायकमंडळींची रणनीती खेळ जिंकण्याची राहत नाही, खेळाची घटनाच दुरुस्त करण्याची होते.

या टप्प्यावर हिगुरुमा हिरोमी हे पात्र येते. हा हाडाचा फौजदारी वकील. त्याच्या क्षेत्रात हिंसेला बंदी आहे. तेथे खटला चालतो. आरोपीला एकदाच म्हणणे मांडता येते : गप्प राहावे, कबुली द्यावी किंवा इन्कार करावा. दोषी ठरल्यास विद्या जप्त होते. इतादोरीवर आरोप येतो तो वयाची अट मोडून पाचिंको या जुगाराच्या अड्ड्यात शिरल्याचा. तो साळसूद सबब सांगतो आणि दोषी ठरतो. मग तो फेरसुनावणी मागतो. या खेपेस आरोप असतो शिबुयातील हत्याकांडाचा. त्या वेळी देह सुकुनाच्या ताब्यात होता, म्हणून कायद्याने तो निर्दोष आहे. तसे सांगितले असते तर तो सुटला असता. इतादोरी मात्र गुन्हा कबूल करतो. मृत्युदंड देणारी तलवार हातात असलेला वकील हा कबुलीजबाब ऐकून थबकतो, तलवार नाहीशी होऊ देतो आणि आपले शंभर गुणही वापरायला तयार होतो. त्यातून खेळाडूंना एकमेकांस गुण देता यावेत, हा नियम आणला जातो. सर्वांत परिणामकारक चाल ही चाल म्हणून खेळलेलीच नव्हती, हे या लढतीचे सौंदर्य होय.

हाकारी किंजीचे क्षेत्र याच्या अगदी उलट. ते म्हणजे चक्क पाचिंकोचा अड्डा. २३९ मध्ये एक या शक्यतेचा मोठा डाव लागला की चार मिनिटे अकरा सेकंद त्याच्याकडे अमर्याद शक्ती राहते आणि जखमा आपोआप भरतात. चारशे वर्षांपूर्वीचा योद्धा काशिमो हाजिमे याच्याशी लढताना तो केवळ नशिबावर विसंबत नाही. काशिमोची शक्ती विद्युतभारासारखी आहे, हे ताडून हाकारी त्याला समुद्रात ओढतो आणि पाण्यात ती शक्ती विखुरते. नशीब आणि भौतिकशास्त्र यांची अशी सांगड विरळाच.

गोजो विरुद्ध सुकुना

कैदेतून सुटलेला गोजो आणि मेगुमीचा देह बळकावलेला सुकुना यांची लढत २४ डिसेंबर २०१८ रोजी शिंजुकूत होते. यात क्षेत्राला क्षेत्र भिडते. सुकुनाचे क्षेत्र भिंतीशिवाय उभे राहते. कापड न घेता हवेतच चित्र काढावे, तसे. त्यामुळे तो गोजोच्या क्षेत्राची भिंत बाहेरून फोडतो, कारण अशा भिंती आतून भक्कम आणि बाहेरून नाजूक असतात. गोजो पुढच्या वेळी भिंतीचे आत-बाहेरचे गुणधर्म उलटे करतो. तेही तुटल्यावर तो क्षेत्र चेंडूएवढे लहान करतो. क्षेत्रानंतर निकामी होणारी विद्या पुन्हा चालू व्हावी म्हणून तो स्वत:च्या मेंदूचा भाग नष्ट करून उलट विद्येने पुन्हा घडवतो. प्रत्येक चालीला उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तराची किंमत आहे.

सुकुनाचा खरा डाव मात्र वेगळाच असतो. मेगुमीच्या विद्येतून येणारा ‘महोरग’ हा सेवक कोणत्याही विद्येला हळूहळू सरावतो. (महोरग म्हणजे महासर्प, बौद्ध परंपरेतील हे संस्कृत नाव जपानपर्यंत पोहोचले आहे.) वाचकांना वाटते की सुकुना महोरगाच्या हातून गोजोला मारणार. प्रत्यक्षात त्याला महोरग हवा असतो तो शिक्षक म्हणून. अनंताचा भेद कसा करायचा, हे त्याचे पाहून सुकुना शिकतो. गोजोवर नेम न धरता गोजो ज्या अवकाशात उभा आहे तो अवकाशच कापला, तर अनंत अडवणार कशाला? सप्टेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३६ व्या प्रकरणात गोजोचा मृत्यू झाला आणि जगभरचे वाचक हादरले. आदल्याच प्रकरणात तो जिंकल्याचे सांगितले गेले होते. तो निर्णायक वार त्या एका वेळी हातांच्या मुद्रेविना करता यावा म्हणून पुढे प्रत्येक वेळी मंत्र, मुद्रा आणि दिशा यांचे बंधन सुकुनाने पत्करले होते, हे नंतर उघड होते. म्हणजे विजेत्यानेही उधारीवरच विजय घेतला होता, आणि ती उधारी पुढे त्याच्या विरोधकांच्या कामी येते.

गोजोनंतर इतर मांत्रिक आळीपाळीने सुकुनाशी भिडतात. हिगुरुमाच्या खटल्यात सुकुना दोषी ठरतो, पण जप्ती येते ती त्याच्या हातातील मंत्रशस्त्रावर. मूळ विद्या शाबूत राहते. महिनाभर आखलेली योजना अशी एका तांत्रिक मुद्द्यावर फसते. अखेरीस सुकुना पडतो तो कोणा एकाच्या पराक्रमाने नव्हे, तर अनेकांनी थोडे थोडे पोखरल्यामुळे. शेवटचा वार अर्थात इतादोरीचा.

विनोदवीराची मात

सर्वांत धूर्त केंजाकूचा शेवट कसा व्हावा? अकुतामी यांनी त्याच्यासमोर ताकाबा फुमिहिको हा अयशस्वी विनोदवीर उभा केला. त्याला जे विनोदी वाटेल ते प्रत्यक्षात घडते, ही त्याची विद्या. आणि तिची त्याला स्वत:लाच कल्पना नाही. ज्याला डावपेचच नाहीत त्याच्यावर डावपेच चालणार कसे? केंजाकू शेवटी त्याच्याबरोबर विनोदी प्रवेश रंगवू लागतो, त्यात मनापासून रमतो, आणि ओक्कोत्सु युता मागून येऊन त्याचा शिरच्छेद करतो. शिबुयात त्याने गोजोला जसे क्षणभर बेसावध केले, तसाच तोही बेसावधपणे गाठला जातो.

परंपरेचे ऋण

नियमबद्ध विद्यांच्या अशा लढतींना जपानमध्ये मोठी परंपरा आहे. यामादा फुतारो यांच्या ‘कोगा निन्पोचो’ या १९५८-५९ मधील कादंबरीत दहा-दहा निंजांचे दोन गट आपापल्या विचित्र विद्यांसह भिडतात. आराकी हिरोहिको यांची ‘जोजो’ १९८७ पासून आणि तोगाशी योशिहिरो यांची ‘हंटर बाय हंटर’ १९९८ पासून याच वाटेने गेली. स्वत:वर अट लादून बळ वाढवण्याची कल्पना तोगाशी यांच्याकडे ठळकपणे होती, आणि त्यांचा प्रभाव अकुतामी मान्य करतात.

त्याहून मागे गेल्यास हेइआन काळातील ज्योतिषी-मांत्रिक आबे नो सेइमेइ आणि त्याचा प्रतिस्पर्धी आशिया दोमान यांच्या दंतकथा भेटतात. बंद पेटीत काय आहे ते ओळखण्याची पैज लागते. दोमान संत्री असल्याचे अचूक सांगतो, तर सेइमेइ आपल्या विद्येने त्यांचे उंदीर करून जिंकतो. सुकुनाचे नावही ‘निहोन शोकी’ या आठव्या शतकातील इतिहासग्रंथातून आले आहे. तेथे तो दोन तोंडांचा बंडखोर आहे. हिदा प्रांतात मात्र त्याला आजही आदराने पाहिले जाते.

आक्षेप आणि श्रेय

मालिकेवर आक्षेपही कमी नाहीत. नियमांचे स्पष्टीकरण कधी कधी इतके लांबते की चित्रांपेक्षा मजकूरच जास्त होतो. काही महत्त्वाची पात्रे अकस्मात बाजूला सारली जातात. शेवटची प्रकरणे घाईत उरकल्याची तक्रार अनेक चाहत्यांनी केली. लेखकाच्या प्रकृतीमुळे २०२१ मध्ये प्रकाशन काही आठवडे थांबले होते; साप्ताहिकाच्या वेळापत्रकाचा ताण किती असतो, याची त्यावरून कल्पना येते.

तरीही ही मालिका वाचावी, याचे कारण केवळ चतुराई हे नाही. येथे प्रत्येक डावाला माणसाचा चेहरा आहे. तोदोची फसवी टाळी, मुताचा मरणोत्तर निरोप, इतादोरीची कबुली आणि गोजोचे ते एक मिनिट या सर्वांत पणाला लागते ते स्वत:चे काहीतरी. सुकुना आणि केंजाकू यांना दुसऱ्याचा स्वभाव वाचता येतो, पण दुसऱ्यासाठी काही गमावणे त्यांच्या हिशेबात बसत नाही. इतादोरी आरंभापासून तेच करत आला आहे. त्याच्या या सवयीतूनच सुकुनाला पळवाट मिळाली, आणि हिगुरुमासारखा माणूस त्याच्या बाजूला आला तोही तिच्यामुळेच.